नव्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत तपकिरी थर : हे नक्की कोणते शेवाळ आणि उपाय काय?

निळी_टाकी (टिळकवाडी, बेळगाव)

नमस्कार मंडळी. खाऱ्या पाण्याची प्रवाळ-टाकी उभारण्याचे बरीच वर्षे मनात होते, ते यंदा उन्हाळ्याच्या अखेरीस जमले. टाकी २०० लिटरची आहे, खाली सम्पमध्ये (जोडटाकीत) आणखी सुमारे ४० लिटर पाणी असते आणि तिथेच स्किमर (फेसावाटे घाण काढणारे यंत्र) चालतो. खडक सगळे कोरडे आणि कृत्रिम आहेत, समुद्रातून काढलेला एकही नाही. मिठाचे मिश्रण आरओच्या पाण्यात विरघळवून मी घरीच पाणी तयार करतो. विशिष्ट गुरुत्व १.०२५, तापमान २५ ते २६ अंश आणि अल्कलिनिटी ८ आहे. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्यानंतरच क्लाउनफिशची जोडी आणि काही ट्रोकस गोगलगायी सोडल्या. प्रवाळ अजून ठेवलेले नाहीत.

गेल्या काही आठवड्यांपासून वाळूवर आणि खडकांच्या माथ्यावर तपकिरी थर धरतो आहे. नळीने ओढून काढला तरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो पुन्हा हजर असतो. शेवाळ म्हणजे पोषकद्रव्यांचा अतिरेक असे सगळीकडे वाचल्यामुळे मी माशांचे खाणे निम्म्यावर आणले, दर आठवड्याला वीस टक्के पाणी बदलले आणि फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त माध्यमही लावले. आता नायट्रेट शून्य आहे आणि फॉस्फेटही शून्य आहे, तरीही थर कमी होण्याऐवजी वाढतोच आहे. माझा प्रश्न असा की, याहून अधिक स्वच्छता कशी राखावी, आणि ती राखूनही उपयोग होत नसेल तर औषध घालावे का?

निपाणीकर

नव्या टाकीत पहिल्या दोन-तीन महिन्यांत तपकिरी थर येणे अगदी स्वाभाविक आहे. हे बहुधा डायाटम, म्हणजे एकपेशीय सूक्ष्म शेवाळ, असावेत. त्यांचे कवच सिलिकाचे असते, आणि नवी वाळू, नवे खडक आणि नळाचे पाणी या तिन्हींतून सिलिकेट टाकीत उतरते. ते संपले की डायाटमही संपतात, आणि त्यांच्या जागी काचेवर हिरवा थर येऊ लागतो. माझ्या आजवरच्या प्रत्येक टाकीत हाच क्रम मी पाहिला आहे. काच पुसा, वाळू वरच्यावर हलवा आणि धीर धरा. औषध मुळीच घालू नका.

चिकोडीकर

निपाणीकरांचे निदान बरोबर असेलही, परंतु सर्वांत आधी पाण्याची चौकशी करावी असे मला वाटते. धागाकर्त्यांनी ‘आरओचे पाणी’ म्हटले आहे. हे स्वयंपाकघरातील पिण्याच्या पाण्याचे यंत्र असेल, तर ते या कामाचे नाही. अशा बहुतेक यंत्रांत चवीसाठी थोडे मूळ पाणी परत मिसळण्याची चावी असते किंवा खनिजे घालणारे काडतूस असते, आणि शेवटी डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषणाऱ्या मण्यांचा) टप्पा नसतो. त्यामुळे बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या द्रव्यांचे एकूण प्रमाण) कधीच शून्य नसतो. पिण्यासाठी ते उत्तम आहे, परंतु टाकीत दर आठवड्याला तेच पाणी घातले की त्यातील नको ती द्रव्येही दर आठवड्याला आत जातात.

आमच्याकडे तर विहिरीचे आणि बोअरचे पाणी असते. सभोवार ऊस आहे, उसाला युरिया आहे, आणि पाटाच्या पाण्याबरोबर तो खाली झिरपतो. आमच्या विहिरीचे पाणी मत्स्यालयाच्या साध्या किटने तपासले तेव्हा मीठ मिसळण्याआधीच नायट्रेटचा रंग गडद आला होता. बेळगाव शहरात राकसकोप आणि हिडकल या दोन धरणांचे पाणी येते, त्यात नायट्रेट एवढे नसावे. मात्र पावसाच्या सुरुवातीला ते गढूळ होते, आणि तेव्हा गाळाची व कार्बनची काडतुसे नेहमीपेक्षा लवकर बदलावी लागतात.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. सिलिका पाण्यात फारशी विद्युतभारित नसते, म्हणून टीडीएस मीटरला ती जवळजवळ दिसतच नाही. डीआय रेझिन संपत आले की सर्वांत आधी निसटते तीही सिलिकाच. मीटरवर शून्य दिसत असूनही डायाटम पुनःपुन्हा येत असतील, तर रेझिन बदलून पाहावे.

हिंडलगेकर

दिवे किती तास चालू असतात? टाकीवर खिडकीतून ऊन येते का?

निळी_टाकी

दिवे नऊ तास असतात आणि खोली उत्तरेकडे असल्यामुळे ऊन येत नाही. चिकोडीकर, आरओ यंत्र मत्स्यालयासाठीचेच आहे, शेवटी डीआयचा टप्पा आहे आणि मीटरवर शून्य येते. रेझिन मात्र सुरुवातीपासून तेच आहे, ते बदलतो.

खानापूरचा_पाऊस

माझ्या टाकीत तपकिरी थरानंतर हिरवे केसाळ शेवाळ आले आणि त्याने सगळे खडक झाकून टाकले, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

किटवर नायट्रेट-फॉस्फेट शून्य येणे म्हणजे टाकीत ती नाहीत असा अर्थ होत नाही. केसाळ शेवाळ माजलेल्या टाकीत माशांनी सोडलेले आणि खडकांतून उतरलेले सारे काही शेवाळच तत्काळ शोषून घेते, आणि किटला दिसते ते केवळ उरलेले. कॅल्शियम कार्बोनेटचे खडक फॉस्फेट धरून ठेवतात आणि पाण्यातील फॉस्फेट कमी झाले की ते हळूहळू सोडतात, हेही आहेच. त्यामुळे पाण्यामागून पाणी बदलत राहिले तरी खडकांना चिकटलेले शेवाळ हलत नाही.

मला उपयोग झाला तो हातांचा. खडक एकेक करून बाहेर काढायचा, टाकीच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत टूथब्रशने घासायचा, धुऊन परत ठेवायचा आणि ती बादली ओतून द्यायची. टाकीत ठेवूनच घासले तर तुटलेले तंतू पॉवरहेडच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) प्रवाहाने दुसऱ्या खडकावर जाऊन रुजतात. एका वेळी सगळे खडक काढू नयेत, कारण नायट्रोजनचे चक्र चालवणारे जिवाणू त्यांच्यावरच असतात. शेवाळ आखूड झाल्यावर टर्बो गोगलगायींनी उरलेले काम केले. लांब तंतूंना त्या तोंडही लावत नाहीत. पुढे सम्पमध्ये वेगळा दिवा लावून कीटोमॉर्फा हे हिरवे शेवाळ मुद्दाम वाढवायला घेतले, म्हणजे जी पोषकद्रव्ये वर शेवाळाला मिळत होती ती खाली त्याला मिळू लागली.

तंतूंना पिसासारख्या बारीक फांद्या दिसत असतील तर ते ब्रायोप्सिस समजावे. त्याला गोगलगायी शिवत नाहीत, त्याचा मार्ग वेगळा आहे.

आमच्याकडच्या पावसाबद्दल एक सूचना आहे. मिठाच्या मिश्रणातील मॅग्नेशियम आणि कॅल्शियम क्लोराइड हवेतील ओलावा भराभर ओढतात. पिशवी उघडी राहिली तर खानापुरात दोन दिवसांत तिचा दगड होतो. घट्ट झाकणाच्या ड्रममध्ये ठेवावे.

सीमावासी

एक प्रश्न. चोर्ला घाटातून गोव्याचा किनारा जवळच आहे. समुद्राचेच पाणी आणले तर मिठाचा खर्च वाचेल आणि पाणीही अस्सल मिळेल. कोणी केले आहे का? शिवाय किनाऱ्यावर खडक पडलेले असतात, त्यावर चांगले जिवाणू असतात असे ऐकले आहे.

काळीकाठ (कारवार)

सीमावासी, पाणी आणता येते, परंतु पावसाळ्यात नाही. आमच्या इथे काळी नदी समुद्राला मिळते. जून ते सप्टेंबर किनाऱ्याजवळच्या पाण्याची क्षारता खूप खाली येते आणि सह्याद्रीवरून आलेला गाळ, पालापाचोळा व खतांचा अंश सगळा त्यात असतो. अशा पाण्याने शेवाळाला आमंत्रणच मिळेल. पाऊस संपून समुद्र निवळल्यानंतर, नदीमुखापासून आणि बंदरापासून दूर, भरतीच्या वेळी पाणी घ्यावे, बारीक गाळणीतून गाळावे, काही दिवस अंधारात झाकून ठेवावे, आणि क्षारता व फॉस्फेट तपासूनच वापरावे. बेळगावापर्यंत घाट चढवून पिंपे नेण्याचा खर्च धरला तर मीठच परवडते असे माझे मत आहे.

खडकांबाबत मात्र स्पष्ट सांगतो. समुद्रातून खडक उचलू नका. आपल्याकडच्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये २००१ पासून संरक्षण आहे, म्हणजे वाघाला आहे तेच. मुर्डेश्वरासमोरच्या नेत्राणी बेटाभोवती जे प्रवाळ उरले आहेत, ते तिथेच राहिले पाहिजेत. धागाकर्त्यांनी कृत्रिम खडक घेतले, याबद्दल त्यांचे मनापासून कौतुक वाटते. कृत्रिम खडक रुळायला वेळ लागतो आणि त्या काळात असे थर येतात, पण त्यावर उपाय करता येतो. पुढे प्रवाळ घेतानाही विक्रेत्याकडे कायदेशीर कागदपत्रे मागावीत, आणि ती नसतील तर घेऊ नयेत.

मलप्रभा

मी जीवशास्त्र शिकवते आणि घरी लहानशी प्रवाळ-टाकी सांभाळते. वरील सर्व प्रतिसाद उपयुक्त आहेत, परंतु ते वेगवेगळ्या जिवांविषयीचे आहेत. निपाणीकरांनी डायाटमबद्दल लिहिले आहे आणि खानापूरकर ताईंनी हिरव्या शेवाळाबद्दल. धागाकर्त्यांच्या टाकीत यांपैकी काय आहे हे आपल्यापैकी कोणालाच अजून माहीत नाही. एकाला जो उपाय मारतो तोच दुसऱ्याला पोसतो, म्हणून आधी ओळख पटली पाहिजे असा माझा आग्रह आहे.

केवळ रंगावरून ओळख पटत नाही. तपकिरी थर डायाटमचा असू शकतो, सायनोबॅक्टेरियाचा (सायनोचा) असू शकतो आणि डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय जिवांचाही (डायनोंचाही) असू शकतो. यांतले सायनो तर शेवाळ नव्हेच, ते जिवाणू आहेत. त्यांचा थर बहुधा लालसर किंवा जांभळट असतो आणि चिमटीने धरला तर सलग पापुद्र्यासारखा निघतो. डायाटमची भुकटी बोटाने सहज पुसली जाते. डायनोचा थर बुळबुळीत असतो, त्याला शेंबडासारखे तार सुटतात आणि त्या तारांच्या टोकांना हवेचे बुडबुडे अडकलेले असतात.

मला विशेष खटकते ते धागाकर्त्यांचे शून्य. डायाटम आणि केसाळ शेवाळाच्या टाकीतही शून्य दिसू शकते, हे वर आलेच आहे. परंतु कोरडे खडक, नवी टाकी, आणि नायट्रेट व फॉस्फेट दोन्ही प्रयत्नपूर्वक शून्यावर आणलेले, ही तिन्ही एकत्र आली की डायनो माजण्याची शक्यता फार वाढते. हिरवे शेवाळ आणि जिवाणू उपाशी राहतात आणि रिकामी झालेली जागा डायनोंना मिळते. धागाकर्त्यांनी कृपया पुढील गोष्टी पाहून सांगाव्यात. सकाळी दिवे लागण्यापूर्वी थर कमी दिसतो का आणि दुपारी वाढतो का? तारा आणि बुडबुडे आहेत का? गोगलगायी नीट हिंडतात का?

घरी करण्यासारखी एक चाचणीही आहे. थराचा थोडा भाग टाकीच्या पाण्यासह पारदर्शक बाटलीत घ्या आणि ती जोरात हलवा, म्हणजे सगळे सुटे होईल. मग ते पाणी गाळण-कागदातून गाळा, आणि गाळून आलेले स्वच्छ पाणी तासभर दिव्याखाली स्थिर ठेवा. त्यात पुन्हा तपकिरी गोळे व तारा जमू लागल्या तर ते डायनो आहेत असे समजायला हरकत नाही. डायाटम किंवा सायनो असे गाळणीतून उतरून पुन्हा एकत्र येत नाहीत.

निपाणीकर

मलप्रभा ताई, चाचणी करावी याला माझी संमती आहे. तरीही नव्या टाकीतील तपकिरी थर बहुतांश वेळा डायाटमच निघतो, आणि नवशिक्याला डायनोची भीती घातली की तो घाईने दिवे बंद करतो, औषधे घालतो आणि चांगली चाललेली टाकी बिघडवतो. धीर हाच उपाय आहे, असे माझे म्हणणे कायम आहे.

सीमावासी

माझ्या टाकीत खरोखरच लाल पापुद्रा आहे. दुकानदाराने एरिथ्रोमायसिन घालायला सांगितले आहे. घालू का?

चिकोडीकर

सीमावासी, घालू नका, निदान आधी नको. प्रतिजैविकाने सायनो मरतात, कारण ते जिवाणूच आहेत. परंतु त्याच कारणाने तुमचे नायट्रोजन-चक्र चालवणाऱ्या जिवाणूंनाही धक्का बसू शकतो, आणि मेलेला पापुद्रा कुजताना पाण्यातील ऑक्सिजन झपाट्याने घटतो. आधी पॉवरहेडचे तोंड त्या कोपऱ्याकडे वळवा, पापुद्रा रोज नळीने ओढून काढा आणि वाळूत साचलेली घाण काढा. सायनो बहुतेकदा जिथे प्रवाह पोहोचत नाही तिथे बसतात.

निळी_टाकी

मलप्रभा ताई, आपण विचारलेल्या गोष्टी पाहिल्या.

सकाळी दिवे लागण्यापूर्वी विजेरीच्या उजेडात पाहिले तर वाळू जवळजवळ पांढरी दिसली, खडकांवर फक्त फिकट डाग होते. दिवे लागल्यानंतर दीड-दोन तासांत वाळूवर तपकिरी ठिपके उमटले आणि ते एकमेकांत मिसळत गेले. दुपारी खडकाच्या टोकावरून बोटभर लांबीच्या तारा प्रवाहात डोलत होत्या आणि प्रत्येक तारेच्या शेंड्याला मोहरीएवढा बुडबुडा होता. अधूनमधून एखादी तार बुडबुड्यासह सुटून पृष्ठभागाकडे जात होती.

बाटलीची चाचणीही केली. गाळलेले पाणी सुरुवातीला किंचित पिवळसर परंतु स्वच्छ होते, तासाभरात तळाशी तपकिरी गुठळी झाली आणि तिच्यातून एक तार वर निघाली. गोगलगायींपैकी दोन वाळूवर उलट्या पडलेल्या सापडल्या. सरळ केल्या तरी त्या काचेला धरत नाहीत.

ओळखीच्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक पाहायला मिळणार आहे. नमुना कसा न्यावा?

मलप्रभा

नमुना टाकीच्याच पाण्यात, बाटली अर्धी रिकामी ठेवून, त्याच दिवशी न्यावा. वाळूवरचा आणि खडकावरचा नमुना वेगळ्या बाटल्यांत घ्यावा, कारण दोन ठिकाणी दोन जाती असू शकतात. काचपट्टीवर थेंब ठेवा आणि ४०० पट वर्धनाखाली पाहा. डायाटम नावेसारखे किंवा काडीसारखे, ताठ कडांचे असतात आणि हलले तर सरळ रेषेत घसरतात. डायनोंपैकी ऑस्ट्रिऑप्सिस थेंबाच्या आकाराचे असतात आणि टोकदार बाजू एका जागी बांधल्यासारखी ठेवून तिच्याभोवती गोल फिरतात. अँफिडिनियम हे दुसरे डायनो अंडाकृती असतात आणि वाळूच्या कणांमधून सरपटतात.

हा फरक केवळ नावापुरता नाही. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री खडक-वाळू सोडून पाण्यात तरंगतात, म्हणून अतिनील दिव्याने (ज्याच्याजवळून टाकीचे पाणी फिरवतात) मरतात. अँफिडिनियम वाळूतच राहतात, त्यांना तो दिवा दिसतही नाही.

आणि हातमोजे वापरा. ऑस्ट्रिऑप्सिसच्या काही जाती पॅलिटॉक्सिनच्या कुळातील विष तयार करतात. २००५ च्या उन्हाळ्यात इटलीतील जेनोवाच्या किनाऱ्यावर त्यांचा बहर आला, तेव्हा समुद्रावरून येणारी हवा श्वासात गेल्याने सुमारे दोनशे लोकांना वैद्यकीय मदत घ्यावी लागली होती. घरातील टाकीत प्रमाण अत्यल्प असते, घाबरण्याचे कारण नाही. परंतु हाताला जखम असताना टाकीत हात घालू नये, आणि थर काढण्यासाठी खडक कधीही उकळू नयेत. उकळण्याचा सल्ला अजूनही काही जण देतात. पुढे त्याच खडकांवर पॅलिथोआ (हेच विष असू शकणारे प्रवाळासारखे जीव) वाढलेले असतील तर ती वाफ अतिशय घातक ठरू शकते.

हिंडलगेकर

सूक्ष्मदर्शक पाहायला मलाही बोलवा, येताना कुंदा आणतो.

निळी_टाकी

अवश्य या. दरम्यान पाहून आलो. खडकावरच्या नमुन्यात जवळजवळ सगळे थेंबाच्या आकाराचे, तपकिरी-सोनेरी आणि एका टोकाभोवती गरगर फिरणारे जीव होते. क्षेत्रात एकाच वेळी वीस-पंचवीस तरी फिरत असतील. वाळूच्या नमुन्यातही तेच होते, सोबत थोडे डायाटम होते. अँफिडिनियम दिसले नाहीत. प्रयोगशाळेतील सरांनीही ऑस्ट्रिऑप्सिस असल्याचे सांगितले. आता काय करावे?

निपाणीकर

निदान पक्के झाले, त्याअर्थी माझा अंदाज मी मागे घेतो. मलप्रभा ताईंनी सांगितले नसते तर आपण सगळे थर आपोआप जाण्याची वाट पाहत बसलो असतो आणि गोगलगायी गेल्या असत्या.

मलप्रभा

क्रमाने सांगते.

लोहयुक्त माध्यम आजच काढा आणि पाणी बदलणे थांबवा. थर काढायचा असेल तर नळीचे पाणी बारीक विणीच्या गाळण-पिशवीतून गाळून तेच परत सम्पमध्ये सोडा. खाणे पूर्ववत करा. नायट्रेट ५ ते १० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएमपर्यंत चढले पाहिजे आणि तिथे टिकले पाहिजे. विषासाठी सक्रिय कार्बन लावा. गोगलगायी शक्य असेल तर काही काळ दुसऱ्या पाण्यात ठेवा.

अतिनील दिवा घ्या आणि तो सम्पमधून नव्हे तर थेट मुख्य टाकीतून पाणी घेऊन मुख्य टाकीतच सोडेल असा जोडा. दर ११-१२ लिटरला १ वॅट हा छंदिष्टांचा प्रचलित ठोकताळा आहे, त्यानुसार तुम्हाला २० वॅटच्या आसपास लागेल. पाण्याचा वेग कमी ठेवा. दिवा रात्री चालू राहणे महत्त्वाचे आहे, कारण हे जीव तेव्हाच पाण्यात असतात. सुरुवातीला दोन-तीन दिवस टाकीचे दिवे बंद ठेवले तर अधिक जीव पाण्यात उतरतात. प्रवाळ नसल्याने तुम्हाला ते सहज करता येईल.

हिंडलगेकर

क्षमा करा, पण मला हे पटत नाही. नायट्रेट-फॉस्फेट मुद्दाम वाढवायचे म्हणजे उद्या केसाळ शेवाळाला जेवण वाढून ठेवायचे. सागरशास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ पासून मांडलेले प्रमाण, कार्बन १०६, नायट्रोजन १६ आणि फॉस्फरस १, हे समोर ठेवून दोन्हींचा तोल साधला तर शून्याजवळ राहूनही टाकी निरोगी ठेवता येईल, असे मी मानत आलो आहे.

मलप्रभा

रेडफिल्ड यांनी जे मोजले ते समुद्रातील प्लवकांच्या (तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांच्या) शरीरातील आणि खोल पाण्यातील मूलद्रव्यांचे प्रमाण होते. आपल्या टाकीच्या पाण्यात काय असावे याचा तो नियम नाही. गुणोत्तर अचूक असूनही दोन्ही गोष्टी मोजता येणार नाहीत इतक्या कमी असतील, तर जिवाणू आणि हिरवे शेवाळ उपाशीच राहतात. इथे गुणोत्तरापेक्षा प्रत्यक्ष उपलब्धता महत्त्वाची आहे.

खानापूरचा_पाऊस

हिंडलगेकर दादा, केसाळ शेवाळ येईल ही तुमची भीती रास्त आहे. ते येईलही. परंतु दोन्हींचा अनुभव घेतलेल्यांशी मी बोलले आहे, आणि मी स्वतः केसाळ शेवाळ आनंदाने पत्करेन. ते हाताने उपटता येते, गोगलगायी ते खातात आणि त्याने कोणी मरत नाही.

चिकोडीकर

खाणे वाढवून नायट्रेट चढले नाही तर मोजून घालावे लागेल, त्याचा हिशेब देतो. एकूण पाणी २४० लिटर धरले तर नायट्रेट १ पीपीएमने वाढवायला सुमारे ०.४ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट लागते. फॉस्फेटची मात्रा इतकी लहान असते की थेट वजन करता येत नाही. म्हणून १ लिटर आरओ-डीआय पाण्यात १ ग्रॅम मोनोपोटॅशियम फॉस्फेट विरघळवावे आणि त्यातले १७ मिलिलिटर घालावे, म्हणजे २४० लिटरमध्ये ०.०५ पीपीएम वाढेल. कोरडे खडक ते शोषून घेतील आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्य दिसेल. तेव्हा पुन्हा मोजून पुन्हा घालावे.

अथणीकडच्या द्राक्षबागांत ठिबकमधून जी १३-०-४५ आणि ०-५२-३४ खते सोडतात, ती म्हणजे हीच दोन द्रव्ये. आमच्या घरात दोन्हींच्या पिशव्या आहेत. तरीही टाकीसाठी ती वापरू नका. शेतीच्या प्रतीच्या मालात इतर काय असते याची खात्री नसते, आणि तांब्याचा अंश जरी आला तरी गोगलगायी व कोळंबी तगत नाहीत. प्रयोगशाळेच्या प्रतीचे थोडेसे घ्यावे, ते वर्षभर पुरते.

काळीकाठ (कारवार)

कारवारला कोडीबाग येथे कर्नाटक विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्राचा पदव्युत्तर विभाग आहे. या विषयात रस असलेल्या विद्यार्थ्यांनी तिकडे जरूर यावे. आमच्या भागात मराठी, कोकणी आणि कन्नड बोलणारी मुले एकाच बाकावर बसून प्लवक मोजतात, आणि धाग्यात जे चालले आहे ते पाहून त्यांना नक्की आनंद होईल.

निळी_टाकी

बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे, कारण काही ठोस दिसेपर्यंत लिहू नये असे ठरवले होते.

सांगितल्याप्रमाणे माध्यम काढले, पाणी बदलणे थांबवले आणि अतिनील दिवा मुख्य टाकीला जोडला. खाण्याने नायट्रेट थोडेसेच हलले, म्हणून मोजून घालायला सुरुवात केली. फॉस्फेट चिकोडीकरांनी सांगितले तसेच रोज नाहीसे होत असे, ते आता ०.०६ च्या आसपास टिकले आहे आणि नायट्रेट ७ आहे. दिवे बंद ठेवून पुन्हा लावल्यावर पहिल्या दुपारी तारा आल्या, परंतु आखूड होत्या. त्यानंतर दर दिवशी त्या कमी होत गेल्या. आता खडकावर एकही तार नाही, वाळूच्या एका कोपऱ्यात फिकट तपकिरी छटा उरली आहे, आणि पुढच्या काचेवर हिरवा थर धरू लागला आहे, जो मी दोन-तीन दिवसांनी पुसतो. दूर ठेवलेल्या गोगलगायींपैकी एक गेली, बाकीच्या हिंडतात.

दोन शंका आहेत. अतिनील दिवा आता बंद करावा का? आणि पहिले प्रवाळ कधी ठेवावे?

खानापूरचा_पाऊस

काचेवर हिरवे आले हे वाचून फार बरे वाटले. तिन्ही काचा पुसू नका, मागची तशीच राहू द्या. गोगलगायी परतल्या की त्यांना खायला होईल.

निपाणीकर

पावसाळ्यात वीज गेली की अतिनील दिवाही बंद होतो, पण इन्व्हर्टरवर तो टाकण्याची गरज नाही. इन्व्हर्टरवर फक्त एक पॉवरहेड ठेवा. रात्रभर प्रवाह थांबला तर ऑक्सिजन घटून मासे दगावतील, दिवा एखादी रात्र बंद राहिल्याने काही बिघडत नाही.

मलप्रभा

दिवा इतक्यात बंद करू नका. कोपऱ्यातली छटा गेल्यानंतरही काही आठवडे चालू ठेवा. मग त्या कोपऱ्यातील वाळूचा नमुना पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहा, कारण ऑस्ट्रिऑप्सिस हटल्यावर वाळूत दुसरी जात डोके वर काढते असे अनेकदा होते. अँफिडिनियम दिसले तर इथेच लिहा. त्यावेळी दिवा उपयोगाचा नसेल आणि उलट सिलिकेट घालून डायाटम वाढू द्यावे लागतील, म्हणजे ते वाळूवरची जागा व्यापतात. चिकोडीकरांनी रेझिन बदलून जे बाहेर ठेवायला सांगितले, तेच तेव्हा मोजून आत घालावे लागेल.

प्रवाळाबद्दल असे सुचवते की आधी गोगलगायी मुख्य टाकीत परत सोडा. त्या दोन आठवडे काचेला धरून नीट चरल्या, रात्रीतून उलट्या पडल्या नाहीत, आणि नायट्रेट-फॉस्फेट न घालताही मोजण्याइतके राहू लागले, की मशरूम किंवा तत्सम एखादे चिवट मऊ प्रवाळ ठेवून पाहा. कठीण प्रवाळ त्यानंतर बऱ्याच काळाने, आणि काळीकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे कागदपत्रे पाहूनच.